नवा पडदा, जुनी भाषा

मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. हा मार्ग एकेरी. एकाच रुळावरून दोन्ही दिशांनी गाड्या धावायच्या, तर त्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी काय करावे?

अशा मार्गांसाठी भारतात नीलचे टोकन-यंत्र सर्रास वापरले गेले. शेजारच्या दोन स्टेशनांतील यंत्रे तारेने जोडलेली असतात. दोन्ही स्टेशनमास्तरांनी घंटेच्या ठोक्यांनी बोलून संमती दिली, तरच पोलादी गोळा बाहेर येतो. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा कोणत्याही टोकाला निघत नाही. गोळा हाती आल्याखेरीज ड्रायव्हरने पुढे जायचे नाही.

आता अनेक स्टेशनांत संगणकाचा पडदा आला आहे. पण त्यावरचे चित्र जुन्या दिव्यांच्या फळ्यासारखेच असते : रुळांच्या रेघा, आणि जिथे गाडी उभी तिथे लाल पट्टी. घरचा संगणक सारखे रूप बदलतो, मग हा पडदा असा जुनाट का?

पहिले कारण माणसाचे. रात्रपाळीत थकलेल्या डोळ्यांना लाल पट्टीचा अर्थ शोधावा लागता कामा नये. दुसरे कारण तपासणीचे. एखाद्या स्टेशनात सांधे आणि सिग्नल मिळून २० आहेत आणि प्रत्येकाच्या दोनच स्थिती आहेत असे धरू. तरी २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ जुळण्या होतात. यांतली एकही घातक जुळणी होऊ द्यायची नाही. म्हणून बदल जपूनच करावा लागतो.

ही भीती पोकळ नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्टेशनात सिग्नलने मुख्य मार्ग मोकळा दाखवला. सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. २९० हून अधिक माणसे दगावली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत बदल करताना चुका झाल्याचे चौकशीत आढळले.

मात्र जुने ते सगळेच राखावे असेही नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या रेल्वेची नियंत्रणप्रणाली १९९८ ची. तिचा कार्यक्रम रोज सकाळी फ्लॉपी चकत्यांवरून भरावा लागे. चकत्या दुर्मिळ झाल्या, त्या जाणणारी माणसेही कमी झाली. अखेर २०२४ मध्ये नव्या प्रणालीचे कंत्राट मंजूर झाले. तिथे जुना झाला तो नियम नव्हे, तो वाहून नेणारे साधन.

वर्गात दोन विद्यार्थ्यांना दोन ‘स्टेशने’ करा आणि दोघांत मिळून एकच चेंडू द्या. चेंडू हातात असेल त्यानेच मधल्या रेघेवरून चालायचे. मग विचारा : एकाच बाजूने सलग दोन गाड्या सोडायच्या असतील तर चेंडू परत कसा आणाल?