ठाण्यातून मुकाट परतू नका!

आमचा माणूस अत्याचाराची फिर्याद द्यायला ठाण्यात जातो, 'उद्या ये' ऐकतो आणि मुकाट परततो. हा मुकाटपणा आम्ही सोडला पाहिजे. फिर्याद नोंदवणे, वाचून दाखवणे, प्रत मोफत देणे हे अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्यास ६ महिने ते १ वर्ष कैद आहे. मात्र त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. चौकशी कागदावर चालते. म्हणून तारीख, वेळ, अधिकाऱ्याचे नाव लिहून पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज पाठवा, पोच जपा. बेकायदा अटक वा कोठडीत गंभीर मारहाण झाली, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा. बाबासाहेबांनी आमच्या हाती लेखणी दिली. ठाण्याच्या दारात ती खिशात ठेवायची नाही!