नेटचे गुण आणि रानातले ऋतू

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी विद्यापीठांच्या स्वतंत्र परीक्षांऐवजी २०२४-२५ पासून ‘नेट’चेच (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचेच) गुण ग्राह्य धरावेत हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा निर्णय, त्यापाठोपाठ जून २०२४ मध्ये घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झालेली आयोगाची नेट परीक्षा आणि तिच्या फेरपरीक्षेपर्यंत टांगणीला लागलेले लाखो उमेदवार, यांविषयी वृत्तपत्रांतून इतके लिहून आले आहे की, त्याची उजळणी करण्याचे प्रयोजन नाही. मात्र या गदारोळात एक प्रश्न बाजूला पडला. ज्या शास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे रान, ओढा, खाजण आणि सडा, त्या परिस्थितिविज्ञानात डॉक्टर होऊ पाहणाऱ्याच्या अंगी नेमके काय असावे लागते, आणि त्यातले किती परीक्षेच्या कागदावर उतरू शकते?

या विषयाच्या बहुतेक उमेदवारांना सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) जीवविज्ञानाची नेट द्यावी लागते. तिच्या अभ्यासक्रमाच्या तेरा घटकांत परिस्थितिविज्ञानाच्या मूलतत्त्वांना वाहिलेला घटक एकच आहे. बाकीचा मोठा भाग पेशी, रेणू आणि शरीरक्रिया यांनी व्यापला आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती न मिळालेल्यांच्या प्रवेशात या परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले गेले आहे. म्हणजे पायाखालची वाट, पक्ष्याचा आवाज आणि झाडाची पालवी ओळखणाऱ्या मुलाला आपली ती कमाई दाखवायला जागा उरली ती मुलाखतीतल्या काही मिनिटांची.

प्रवेशानंतरचे नियम आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी जारी केले, आणि ते एकंदरीत विवेकी आहेत. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, त्यातच संशोधन व प्रकाशन यांच्या नीतिनियमांचे शिक्षण, दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगतीचा हिशेब, अखेरीस प्रबंध, संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक आणि मौखिक परीक्षा, असा हा क्रम आहे. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची जुनी सक्ती काढून टाकली, हे तर फारच चांगले झाले. पैसे मोजून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार त्या सक्तीवरच पोसला होता. माझी हरकत आहे ती मुदतीच्या कलमाला. किमान तीन वर्षे, कमाल सहा, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले उमेदवार यांना त्यावर दोन वर्षांची सवलत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मुदत पुरेशी ठरावी. पण परिस्थितिविज्ञानात काळाचे माप वर्ष हे नसून ऋतू हे आहे, आणि हातचा गेलेला ऋतू भरून काढण्याची तजवीज कोणत्याही परिपत्रकात करता येत नाही.

सह्याद्रीतली कारवीच घ्या. जिच्या काठ्यांच्या कुडावर माती लिंपून डोंगरातली घरे उभी राहिली, तिची ही झुडपे वर्षानुवर्षे पावसात हिरवी होतात, उन्हाळ्यात निष्पर्ण काठ्या होऊन उभी राहतात, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळ्या उतारावर एकदम, जांभळ्या फुलांनी भरून जातात. मधमाश्यांचा तो सुगीचा काळ संपला की फळे धरतात, झुडूप वाळते, आणि पुढच्या पावसाचा पहिला ओलावा लागताच ती सुकी बोंडे तडतडत फुटून बिया आजूबाजूला फेकली जातात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये फुलली आणि त्यानंतर फुलली ती २०२४ मध्ये. २०१६ च्या बहरात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याची सहा वर्षे २०२२ मध्ये संपली. पुनर्नोंदणी करून तो २०२४ पर्यंत टिकला असे धरले, तरी ज्या वर्षी दुसरा बहर पाहायचा त्याच वर्षी त्याने प्रबंध दाखल करायचा, आणि तोही शिष्यवृत्तीशिवाय, कारण तिची मुदत पाचच वर्षांची असते.

कारवीची गोष्ट टोकाची वाटली, तरी साध्या विषयालाही दप्तरदिरंगाईची बाधा होतेच. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचे, तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो; पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडून त्याला गळपट्टा बसवायचा, तर कलम १२ खाली केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. हे परवाने आवश्यकच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईपर्यंत विद्यापीठाचे घड्याळ चालूच राहते, आणि परवाना ऑक्टोबरात हाती पडला तर बेडकांचा अभ्यास करणाऱ्याचे अख्खे वर्ष बुडते.

या शास्त्रात पात्रता कशी घडते हे पाहायचे, तर पक्षितज्ज्ञ सलीम अलींचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षणातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२९ साली ते बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले, आणि परतल्यावर नोकरी नसल्यामुळे अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तेथे १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीपुढे बसून त्यांनी जे पाहिले, ते त्याआधी कोणी नीट मांडले नव्हते. नर अर्धेच घरटे विणतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याला हात घालून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा क्रम एखाद-दुसऱ्या फेरीत कळणारा नव्हे; त्यासाठी त्याच झाडापुढे, त्याच घरट्यांचा रोजचा हिशेब ठेवीत, अवघा हंगाम घालवावा लागतो. पुढे याच पदवीहीन माणसाने मुंबईत एम.एस्‌सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले. त्यांतले पहिले विजयकुमार आंबेडकर यांनी सुगरणीचाच अभ्यास पुढे नेला, आणि त्यांच्या प्रबंधाची ऑक्सफर्डचे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी वाखाणणी केली. पदवी निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. हार्वर्डमध्ये गणिताच्या अंगाने हे शास्त्र शिकून पीएच.डी. घेतलेल्या माधव गाडगीळांनी मायदेशी परतून वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांसमवेत देवराया धुंडाळल्या आणि १९८३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे केंद्र उभे केले. त्या कामाला पदवीतल्या शिस्तीचे बळ होतेच. पण किहीमची बैठक आणि हार्वर्डचे गणित या दोन्ही गोष्टी ज्या माणसात एकत्र येतील तोच या शास्त्राचा खरा डॉक्टर, आणि आजची निवडपद्धती या दोहोंपैकी पहिलीकडे पाहतच नाही.

मुदत सरसकट वाढवावी असे मी म्हणणार नाही. अमर्याद मुदतीत विद्यार्थी मार्गदर्शकाचा बिनपगारी हरकाम्या होतो, हे आपण पुष्कळ पाहिले आहे. पण क्षेत्रीय संशोधनाची मुदत परवाना हाती आल्याच्या तारखेपासून मोजावी, अभ्यासक्रमाची सत्रे विद्यार्थ्याच्या हंगामाबाहेर ठेवण्याची मोकळीक सल्लागार समितीला द्यावी, आणि प्रवेशाच्या मुलाखतीचा काही भाग वर्गाबाहेर, एखाद्या टेकडीवर किंवा तळ्याकाठी घ्यावा, यासाठी तिजोरीतून एक रुपयाही काढावा लागत नाही. आणि जी निरीक्षणे एका विद्यार्थ्याच्या मुदतीत मावत नाहीत ती संस्थेने सांभाळावीत. मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा कायमचा भूखंड आखला आणि त्यातल्या झाडांची मोजदाद तेव्हापासून चालू ठेवली; नवा विद्यार्थी तेथे जातो तो पूर्वसूरींच्या नोंदी हाताशी घेऊनच. पुणे, कोल्हापूर, मुंबई आणि गोवा येथील विद्यापीठांच्या दारात सह्याद्री उभा आहे. त्यांनी वनखात्याशी करार करून असा एकेक भूखंड येत्या वर्षातच आखून घ्यावा, आणि कुलगुरूंनी ही बाब विद्यापरिषदेच्या पुढच्याच सभेपुढे आणावी.