वानखेडे, पण कुठले?

एस.टी.च्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपल्या बुलडाणा जिल्ह्यात एक संवाद हमखास कानी पडतो. "आडनाव काय बाप्पा तुमचं?" "वानखडे." "कोनते वानखडे?" उत्तर देणारा साधेपणाने गावाचे नाव सांगतो. विचारणाऱ्याचे समाधान मात्र होत नाही, कारण त्याला गाव नको असते, जात हवी असते. आडनावावरून जात ओळखायची सवय आपल्या देशाला लागली आहे. पण वानखेडे हे आडनाव त्या सवयीला दाद देत नाही. कुणबी, माळी, तेली, बौद्ध अशा अनेक समाजांत वानखेडे आहेत. घाटावर आहेत, घाटाखाली आहेत, अकोला-अमरावतीत तर पावलोपावली आहेत. मुंबईचे क्रिकेटचे वानखेडे स्टेडियम ज्यांच्या नावाने आहे ते शेषराव वानखेडे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या मैदानावर पहिली कसोटी जानेवारी 1975 मध्ये झाली. आणि 2024 साली अमरावतीच्या राखीव जागेवरून लोकसभेवर निवडून आले ते बळवंत वानखडे. एकाचे वानखेडे, दुसऱ्याचे वानखडे. या एका मात्रेकडे पुढे येऊ.

संग्रामपूर तालुक्यात वानखेड नावाचे गाव आहे. सातपुड्यातून उतरून पूर्णेला मिळणाऱ्या वान नदीच्या खोऱ्यातले. नदी वान, तिच्या आधाराने वसलेले खेड ते वानखेड, आणि वानखेडचे ते वानखेडे. आपल्या वऱ्हाडात आडनावे करण्याची ही जुनी रीत आहे. कोकणात आणि देशावर गावाला 'कर' लावतात. आपल्याकडेही अकोटकर, पारसकर आहेत, पण गावाच्या नावाला नुसती मात्रा देऊन काम भागवणे ही वऱ्हाडाची खास तऱ्हा. अंभोऱ्याचे अंभोरे, वाकोडचे वाकोडे. शेगावचे मात्र शेगोकार झाले, तिथे 'कार' आला. कोणत्या गावाला काय लावायचे याचा कायदा कोणी केला नव्हता. लोकांच्या जिभेला जे सोपे पडले ते टिकले.

आता थोडा विचार करा. वानखेडमध्ये राहणाऱ्या माणसाला वानखेडमधले लोक वानखेडे का म्हणतील? तिथे सगळेच वानखेडचे. तिथे तो अमक्याचा मुलगा, तमक्या आळीचा. माणूस गाव सोडून दुसऱ्या गावी जातो तेव्हा नव्या गावाला प्रश्न पडतो, हा आला कुठून? वानखेडहून आला म्हणून वानखेडे. गावावरून पडलेले आडनाव म्हणजे पूर्वजाने ते गाव सोडल्याची खूण. आणि गाव सोडणारा काही एकच माणूस नव्हता. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या जातींची, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली माणसे त्याच शिवारातून निघाली आणि नव्या जागी सगळ्यांना तेच नाव चिकटले. म्हणूनच ते आडनाव इतक्या समाजांत आहे.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आपल्या घराघरांत भिंतीवर आहे. बाबासाहेबांचे मूळ कुळनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. सातारच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरचा क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. रामजी बाबा फौजेत होते, गाव सोडून दापोली, सातारा असे फिरले. ते कुटुंब गावातच राहिले असते तर गावाचे नाव आडनाव होण्याचे कारणच पडले नसते.

आपल्या पूर्वजांना तर बराच काळ आडनाव वापरण्याची गरजही कोणी पडू दिली नाही. गावकीच्या कामाला बोलावताना पाटील नुसत्या नावाने हाक मारी, कागदावर नावापुढे बापाचे नाव आणि त्यापुढे जात लिहिली जाई. संपले. आडनाव हा कागदाचा, शाळेचा, हजेरीपटाचा मामला आहे. जिथे हजेरी मांडली जाते, मजुरी नावावर निघते, तिथे एकाच नावाचे दहा माणसे वेगळे ओळखावे लागतात.

ती हजेरी वऱ्हाडात आली कापसाबरोबर. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोचली. जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि खामगाव कापसाची मोठी पेठ झाली. जिनिंग, प्रेसिंग, गाड्या भरणे, रुळाची कामे. जमीन नसलेल्याला पहिल्यांदाच रोख मजुरी दिसली आणि तीही गावकीच्या बाहेर. त्यात 1896-97 आणि 1899-1900 चे दोन दुष्काळ कोसळले. पूर्णेकाठचा तो सारा भाग खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते खारे, पिण्याला नाही आणि ओलिताला नाही. पावसावरचा कापूस वेचून झाला की हाताला काम नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावची माणसे खामगाव, अकोला, भुसावळ, नागपूरकडे गेली यात नवल ते काय? 1972 च्या दुष्काळानंतर मुंबईची वाट रुळली. आज पुण्याला आणि सुरतेलाही वानखेडे आहेत.

आता ती मात्रा. बोलताना आपण 'वानखडे' म्हणतो, लिहिताना मास्तर शुद्ध करून 'वानखेडे' करतो. दोन सख्खे भाऊ, थोरला गावच्या शाळेत, धाकटा तालुक्याच्या. एकाच्या दाखल्यावर मात्रा आहे, दुसऱ्याच्या नाही. पुढे इंग्रजी स्पेलिंगात कोणी डब्ल्यू घालतो, कोणी व्ही. म्हणजे वानखेडे आणि वानखडे ही एकाच घरची दोन पाती असू शकतात, आणि दोन वानखेडे मात्र एकमेकांचे कोणीच नसतील. कचेरीत बसून कागद पाहणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला ही गोष्ट रोज दिसते.

हा शब्दांचा खेळ नाही बंधूंनो, यावर लेकरांचे प्रवेश अडतात. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 हा मानीव दिनांक आहे. त्या दिवशी आपले पूर्वज कुठे राहत होते आणि त्यांची जात काय, याचा पुरावा लागतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 मध्ये मिळाल्या, तरी पुरावा मागितला जातो तो 1950 च्या आधीचा. मुंबईत जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या मुलाला आजोबांच्या तालुक्याला यावे लागते ते यामुळे. तहसीलात कोतवाल बुकाची नक्कल मागावी. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, पण अनेक नोंदींत आडनाव नसतेच, नाव, बाप आणि जात एवढेच. म्हणून सोबत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढावा. दोन्ही जुळले की साखळी पूर्ण होते. मात्रेचा फरक असेल तर त्याचे शपथपत्र आधीच जोडावे, त्रुटी निघेपर्यंत थांबू नये. आणखी एक. संग्रामपूर तालुका नंतरचा, जुने कागद जळगाव तालुक्याच्या नावाने असतात. 1905 पूर्वीच्या कागदावर तर जिल्हा अकोला लिहिलेला सापडेल, कारण खामगाव आणि जळगाव हे तालुके त्या साली बुलडाण्यात आले. असा कागद "दुसऱ्या जिल्ह्याचा" म्हणून टाकून देऊ नका.

दुसरा घोळ सोयरीकीचा. मुलगा शिकलेला, मुलगी शिकलेली, दोन्ही घरे पसंत, आणि कोणी म्हातारा म्हणतो, "दोघंबी वानखडे, भावकी होते, जमत नाही." बैठक मोडते. अहो, 14 ऑक्टोबर 1956 ला आपण देवक सोडले, कुळाचे देव सोडले, आणि आडनावाला मात्र देवक करून बसलो? एक कुटुंब दुष्काळात निघालेले, दुसरे तीस वर्षांनी रेल्वेच्या कामाला गेलेले, त्यांची भावकी नुसत्या नावाने कशी होईल? 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. तो आडनाव पाहत नाही, पिढ्या मोजतो. वधू किंवा वर स्वतः पहिली पिढी धरून बापाकडून पाच आणि आईकडून तीन. त्या आत दोघांचा पूर्वज एक निघाला तर मनाई. म्हणून बैठकीत आडनाव विचारण्याऐवजी दोन्हीकडच्यांनी पणजोबाच्या बापापर्यंत नावे आणि गावे मांडावीत. आणि याच हिशेबाने एक वानखेडे, एक वानखडे म्हणून निर्धास्त होऊ नये. तिथेच भावकी निघण्याचा संभव जास्त.

धर्मांतरानंतर आपण लेकरांची नावे झपाट्याने बदलली. दगडू, कचरू, धोंडी गेले, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता आले. आडनावे बहुतेकांनी ठेवली, आणि माझ्या मते ते बरेच झाले. नाही तर आज तहसीलात आजोबा सापडले नसते. आता 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम सरकारने घातला आहे. पुढच्या पिढीला शोध घेताना त्याचा मोठा उपयोग होईल, कारण आजवर आपल्या वंशावळीतून बायाच गाळल्या गेल्या आहेत.

घरात ऐंशी वर्षांचे कोणी असेल तर येत्या रविवारी वही घेऊन बसा. नावांबरोबर गावे लिहा, आणि प्रत्येक गाव कोणत्या साली, कशापायी सोडले ते विचारा. साल आठवत नसेल तर "दुष्काळाच्या आधी की नंतर", "दीक्षेच्या आधी की नंतर" असे विचारले की बरोबर आठवते. आत्या शाळेत गेली असेल तर तिचा दाखला सोडू नका, लग्नाआधीचे तिचे आडनाव तुमचेच आहे. पणजी कोणत्या गावची तेही विचारून ठेवा. भाच्याला शिकायला मामाकडे ठेवण्याची तेव्हा रीत होती. आजोबांचे नाव वानखेडच्या शाळेत मिळाले नाही तर त्यांच्या मामाच्या गावच्या रजिस्टरात मिळू शकते.