तुरीचे पाच दाणे

साडेतीन वर्षांच्या मुलापुढे तुरीचे पाच दाणे मांडले, तर ते बोट टेकवत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणतं. मग त्याला विचारावं, ‘किती झाले?’ बऱ्याचदा ते पुन्हा एकपासून सुरू करतं. अंक त्याला गाण्यासारखे पाठ असतात, पण शेवटी उच्चारलेला ‘पाच’ हेच सगळ्या दाण्यांचं उत्तर आहे, हे अजून उमगलेलं नसतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजणीची ही घडण उलगडून दाखवली. एका दाण्याला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे सगळ्यांची संख्या, मोजायला उजवीकडून लागा की डावीकडून, उत्तर तेच. मोठ्यांना हे इतकं उघड वाटतं की ते शिकावं लागतं हेच ते विसरलेले असतात. मुलाला मात्र त्यासाठी कित्येक महिने लागतात. ते महिने पाटीवरच्या अंकांपेक्षा हातातल्या दाण्यांत आणि कुणीतरी धीराने पुन्हा पुन्हा विचारलेल्या ‘किती?’मध्ये जातात.

आता हाच प्रश्न बीदर जिल्ह्यातल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलाला अंगणवाडीत ‘एष्टु?’ असा कन्नडमध्ये विचारला गेला असं समजू. ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु’ हे त्याने सुरात पाठ केलेलं असतं, तेवढं ते म्हणून दाखवतं आणि गप्प बसतं. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय घ्यायचा? त्याला संख्या कळली नाही, की प्रश्न कळला नाही? शिकवणारीला हे ओळखता आलं नाही, तर पुढची पायरी कोणती हेही ठरवता येत नाही. सीमाभागात शाळेच्या भाषेवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, ते अस्मितेचे, हक्काचे, नोकरीचे. तीन ते सहा या वयाचा मुद्दा त्याहून साधा आहे. मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कळण्याची वाट त्याच्या बोलण्यातून जाते, आणि या वयात ते घरच्या बोलीतच मोकळं बोलतं. त्याची भाषा वर्गाबाहेर ठेवली, तर त्या वाटेला आपणच कुंपण घालतो.

हा मुलूख एकभाषी कधीच नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. रेघ तालुक्यांतून गेली, घराघरांतल्या बोलण्यातून गेली नाही. आजही औराद-भालकीकडे आणि कलबुर्गी जिल्ह्यात आळंदच्या बाजूला एकाच गल्लीत मराठी, कन्नड, दखनी आणि तांड्यावरची लमाणी कानावर पडते. महाराष्ट्राने हक्क सांगितलेली 865 गावं आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा यांवर चर्चा होतच राहते. पण लहान मुलांपुरतं बोलायचं तर ती बाजारात तुरी अशातली गत आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. आज अंगणवाडीत बसलेलं मूल तोवर कॉलेजात पोचलेलं असेल.

ज्या संस्थेत हे मूल बसतं, तिची मुळं मराठी मुलखात आहेत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत मॉन्टेसरी पद्धतीवर काम करून आल्या आणि 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. महागड्या लाकडी साधनांच्या जागी बिया, शिंपले, माती आली. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोसबाडच्या वारली मुलांच्या कानाला पुस्तकी मराठी परकीच होती. तिथे बीदरच्या कन्नडची जागा मराठीकडे होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली, त्यात कर्नाटकातलं टी. नरसीपूर होतं. नाव अंगणवाडीचं राहिलं. पण पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, मातांचं आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा कामांत शिक्षण हे एक काम उरलं.

पहिला आक्षेप नेहमीचा आहे: लहान मुलं कुठलीही भाषा चटकन उचलतात, मग सुरुवातीपासून कन्नडच का नको? उचलतात, हे खरंच. पण गल्लीत खेळताना उचलतात, कारण तिथे भांडायचं असतं, चेंडू मागायचा असतो, रुसायचं असतं. वर्गात त्यांच्या वाट्याला येते ती ‘बस, ऊठ, गप्प राहा, म्हण’ एवढीच भाषा. हुकूम समजायला दहा शब्द पुरतात, विचार करायला पुरत नाहीत. शिवाय घरच्या भाषेतली कमाई वाया जात नाही. ‘भा-क-री’ म्हणत तीन टाळ्या वाजवणाऱ्या मुलाला शब्द तुकड्यांनी बनतो हे कळलेलं असतं. उद्या ‘रो-ट्टि’ला दोन टाळ्या वाजवताना ते नव्याने शिकावं लागत नाही. कन्नड अक्षरांची गोलाई आणि देवनागरीची शिरोरेषा वेगळी, पण अ-आ-इ-ईपासून क-ख-ग-घपर्यंत ध्वनींची मांडणी सख्ख्या बहिणींसारखी. कन्नडमधले ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ तेवढे वेगळे. ‘ळ’ तर दोघींचाही. कानाची ही तयारी एका भाषेतून दुसरीत जाते, असं मत जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलं होतं. कन्नड या मुलांना लागणारच, चांगली लागणार. गाण्यांतून, गोष्टींतून, ताटातल्या पदार्थांच्या नावांतून ती रोज कानावर पडू द्यावी. फक्त मुलाला उत्तर देण्याची सक्ती तिच्यात नको.

दुसरा आक्षेप जड आहे. एका खोलीत चार बोली असतील तर घरची भाषा कोणाची धरायची? लमाणीला सर्वमान्य अशी स्वतःची लिपी नाही, तिच्या शाळा नाहीत, तिच्यासाठी सीमालढा नाही. इथे मराठीचा कैवार घेणाऱ्यांची परीक्षा आहे. मराठी मुलासाठी जे मागायचं तेच तांड्यावरच्या मुलासाठी मागता येत नसेल, तर आपण मुलाची बाजू मांडत नाही, भाषेची मांडतो. म्हणून या वयात मागणी माध्यमाची नसावी, मुभेची असावी: मुलाने ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत उत्तर द्यावं आणि ते समजणारं एक तरी माणूस खोलीत असावं. ते माणूस अनेकदा अंगणवाडीची मदतनीस असू शकतं. ती त्याच गल्लीतली असते, मुलांना घरून आणते, भरवते, आणि भरवताना दोन-तीन भाषांत बोलते. कागदावर तिचं काम स्वयंपाक आणि साफसफाई एवढंच. शिकण्याच्या हिशेबात ती दुभाषी आहे. तिला प्रशिक्षणात बसवायला नवी इमारत लागत नाही.

अडचणी मात्र इथूनच सुरू होतात. संविधानाचं कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेची सोय द्यायला सांगतं, पण प्राथमिक टप्प्यावर. कलम 45 सहा वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलतं, त्यात भाषेचा उल्लेख नाही. पहिलीत सरकारी मराठी शाळा मिळू शकते, त्याआधीच्या तीन वर्षांना या तरतुदींत भाषेचा आधार नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला. धोरणाने दिशा मिळते, पदं भरली जात नाहीत. ज्या कार्यकर्तीने हे सगळं घडवायचं, तिच्याकडे वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचे दिवस, 2021 पासून मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर आणि 2017 पासून कर्नाटकाच्या मातृपूर्ण योजनेतलं गरोदर व स्तनदा मातांचं जेवण आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. 2018 मध्ये केंद्राने ठरवलेलं मानधन कार्यकर्तीसाठी महिना 4,500 आणि मदतनिसासाठी 2,250 रुपये झालं. राज्याची भर त्यावर. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल यावा लागला.

त्यातच चार वर्षांची मुलं अंगणवाडीतून उठून एलकेजीकडे जाऊ लागली आहेत. सरकारी शाळांतच एलकेजी-यूकेजी उघडण्याचं राज्याने ठरवलं, तेव्हा 2024 मध्ये कर्नाटकातल्या अंगणवाडी कार्यकर्त्या रस्त्यावर उतरल्या; मुलंच गेली तर अंगणवाडी कशाच्या जोरावर चालणार, ही त्यांची भीती होती. आईबापांना दोष देता येत नाही. गणवेश, वही आणि इंग्रजी अक्षरं ही डोळ्यांना दिसणारी प्रगती असते; दाणे मोजणारं मूल खेळताना दिसतं. पण पेन्सिल धरायला बोटांत बळ यावं लागतं आणि ते माती मळण्यातून, मणी ओवण्यातून येतं. एलकेजीत आखलेल्या ओळीत ‘ए’ गिरवणाऱ्या मराठी मुलावर तर आता तिसरी भाषा येऊन पडते, आणि ‘किती?’ हा प्रश्न आणखी लांब जातो. जी कुटुंबं ऊसतोडीला किंवा पुणे-मुंबई-हैदराबादच्या बांधकामांवर जातात, त्यांची मुलं तर वर्षातले काही महिने कुठल्याच खोलीत नसतात. परत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात चौथ्या गावाचे शब्द असतात, आणि हजेरीपटावर नुसत्या रिकाम्या चौकटी.

यातलं काही एका आदेशाने सुटणारं नाही. तूर पिकवणाऱ्या या पट्ट्यात दाण्यांचा तुटवडा नाही. पाच दाणे मांडून, मूल गप्प बसलं तर त्याच्या बोलीत पुन्हा विचारायला आणि ते बोलेपर्यंत थांबायला वेळ लागतो. आणि कार्यकर्तीच्या दिवसात त्या थांबण्याला जागा कुठून काढायची, हे सहा कामांची यादी करणाऱ्यांनी अजून ठरवलेलं नाही.