एका अंशाचा ठोका

जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला, की बुडाखालून ‘ठक्’ असा आवाज येतो. गाडीचा स्वभावच तो, म्हणून बरेच मालक सोडून देतात. पण त्या ठोक्यामागचं गणित मांडलं, की तोंडात बोट जातं.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल आणि ॲक्सल यांच्या हातून. यातल्या दातांमध्ये केसाएवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. दात घट्ट बसवले तर तेलाला जागा उरत नाही, आणि तापून फुगलेलं पोलाद एकमेकांत रुततं. झिजेने ही मोकळीक वाढली, की मेकॅनिक म्हणतो, ‘प्ले आलाय.’

आता गंमत बघा. १९९० च्या दशकातल्या ३०० टीडीआय डिफेंडरच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ३.५४, म्हणजे चाकाची एक फेरी व्हायला प्रोपेलर शाफ्टच्या साडेतीन. ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं ३.३२, पहिल्या गिअरचं ३.६९. तिन्हींचा गुणाकार ४३ च्या घरात! चाकापाशी एका अंशाचा प्ले असेल, तर इंजिन ४३ अंश फिरेपर्यंत चाकाला पत्ताही नसतो. तेवढ्यात बिनओझ्याचं इंजिन वेग घेतं आणि मोकळीक संपताच दातावर दात आदळतो.

म्हणूनच प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून ‘क्राउन-पिनियन गेलं’, म्हणजे डिफरन्शिअलचे दात झिजले, असा निकाल देणं मला घाईचं वाटतं. तिथे दिसणारा प्ले साडेतीन पटीने फुगलेला असतो, आणि या गाडीत त्याचं मूळ बऱ्याचदा ॲक्सलच्या टोकाला, शाफ्टला चाकाशी जोडणाऱ्या ड्राइव्ह फ्लँजच्या झिजलेल्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे खाचांमध्ये असतं. फ्लँजवरची छोटी टोपी काढा, ॲक्सल शाफ्टच्या टोकावर आणि फ्लँजवर मिळून खडूची एक रेघ ओढा, आणि कुणाला तरी प्रोपेलर शाफ्ट पुढे-मागे फिरवायला सांगा. रेघ मधेच तुटली, फ्लँज जागचा हलला नाही, तर चोर सापडला. डिफरन्शिअल उघडण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त.

प्ले गिअरबॉक्सचा की त्यामागचा, हे ओळखायला हँडब्रेक कामी येतो. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. सपाट जागी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चाकांपासून वीतभर अंतरावर दगड ठेवा आणि गाडी ढकलून बघा. (खाली कुणी शिरायचं नाही.) ती जेवढी डुलेल, तेवढा प्ले ब्रेकच्या मागे, मागच्या चाकांपर्यंतचा. गिअरबॉक्स या हिशेबातून आपोआप बाद.

प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या कपाभोवती लालसर भुकटी दिसली, तर आतले सुईसारखे रोलर कोरडे पडून गंजलेत. आणि गाडी थांबल्यावर क्षणभर उशिरा येणारा ठोका बहुधा शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनचा. अडकलेला भाग अचानक सरकतो तेव्हाचा. तिथे ग्रीस पुरतं. मात्र ठासून भरू नका, नाहीतर शाफ्टला आखडायला जागाच राहत नाही.