रॉक फक्त ‘मर्दांचं’ काम? 🎸

भोसरी एमआयडीसीतल्या रॉकप्रेमींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. लेदर जॅकेट, लांब केस, फुल आवाजात गिटार. रॉक म्हणजे रांगड्या गड्यांचं संगीत, असं आपण सर्रास धरून चालतो. आता ही तीन नावं बघा.

👉 फ्रेडी मर्क्युरी: मूळचा फारुख बुल्सारा, जन्म १९४६, झांझिबार. शाळा मात्र आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथल्याच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. पुढे लंडनमध्ये आपल्या नव्या बँडला ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवलं. १९८४च्या ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत बँडमधल्या चौघांनीही बायकांचे कपडे घातले. ब्रिटनमध्ये लोकांनी मजा लुटली, अमेरिकेत अनेकांना ते पचलं नाही.

👉 रॉब हॅलफर्ड: ‘जुडास प्रीस्ट’चा गायक. वाढला वॉल्सॉलमध्ये, इंग्लंडच्या कारखानदारी पट्ट्यात. चामड्याचे कपडे, साखळ्या, स्टेजवर मोटरसायकल हा मेटलचा ‘पुरुषी’ थाट रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा. १९९८मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. मेटलवाले आजही त्याला ‘मेटल गॉड’च म्हणतात.

👉 सुझी क्वाट्रो: मोटारींच्या डेट्रॉइट शहरातली. लेदर जंपसूट, गळ्यात बास गिटार. १९७३मध्ये तिचं ‘कॅन द कॅन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

थोडक्यात, रॉकचा मर्दानीपणा हा बराचसा पोशाखाचा मामला आहे, आणि तो कुणालाही चढवता येतो. तुमच्या ग्रुपमध्ये बँड जमत असेल तर ड्रम्सवर एखाद्या मुलीला बसू द्या. गाणारा पोरगा काजळ घालून आला तर टिंगल करू नका. आधी गाणं ऐका! 🤘