गळाच्या दोरीची निवड: ट्रोलिंग आणि कास्टिंग

गळाच्या मासेमारीत दोरीला दोन अगदी वेगळी कामे करावी लागतात. ट्रोलिंगमध्ये चालत्या होडीमागे तीस-चाळीस मीटर दोरी सोडलेली असते. टोकाला आमिष किंवा ल्यूर (कृत्रिम आमिष) पाण्यातून ओढले जाते आणि दोरीवर तासन्‌तास सारखा ताण राहतो. कास्टिंगमध्ये खडपावरून, जेटीवरून किंवा खाडीत नांगरलेल्या होडीतून ल्यूर फेकायचे, गुंडाळत आणायचे आणि पुन्हा फेकायचे. एका सकाळीत दोरी शेकडो वेळा रिळावरून सुटते, रॉडच्या रिंगांतून घासत जाते आणि ओली होऊन परत येते. कोकणात पहिला प्रकार मुख्यतः मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूच्या खडकांभोवती फिरणाऱ्या सुरमईसाठी चालतो, दुसरा खाडीतल्या जिताड्यासाठी आणि तांबोशीसाठी. दुकानात मात्र दोन्हींसाठी एकच प्रश्न ऐकू येतो: किती किलोची? खरे तर आधी पाहायला हवे की दोरी किती ताणते, किती जाड आहे आणि पाण्यात बुडते की तरंगते. ताकदीचा आकडा त्यानंतर ठरवणे सोपे जाते.

कृत्रिम दोऱ्यांमध्ये सर्वांत जुनी ती नायलॉनची एकसंध दोरी, म्हणजे किनाऱ्यावरचा तंगूस. वॉलेस कॅरोथर्स यांनी ड्यू पाँ कंपनीत १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. त्याआधी गळाला रेशमाचे, सुताचे, लिननचे धागे असत. ते भिजून कुजत, म्हणून वापरानंतर वाळत घालावे लागत. नायलॉनने ही कटकट संपवली. तुटण्यापूर्वी ते साधारण २० ते ३० टक्के लांबते आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोषही. ते थोडे पाणी शोषते, त्यामुळे भिजल्यावर ताकद काहीशी घटते. उन्हात ते हळूहळू ठिसूळ होते. रिळावर बरेच दिवस राहिले की वळण धरते आणि सोडल्यावर स्प्रिंगसारखी वेटोळी पडतात.

दुसरी ब्रेडेड दोरी. ही अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिलीनच्या तंतूंची असते. चार किंवा आठ पेड विणून ती तयार होते. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे तंतू काढण्याची पद्धत शोधली आणि त्यातून डायनीमा हा धागा बाजारात आला. ही दोरी जेमतेम तीन ते पाच टक्के ताणते. पाण्याहून हलकी असल्याने ती तरंगते. त्याच ताकदीच्या नायलॉनच्या मानाने तिची जाडी निम्म्याच्या आसपास भरते: ३० पौंडांचे नायलॉन साधारण ०.५५ मिमी, तर ब्रेडेड ०.२८ मिमी. मात्र ती इतकी गुळगुळीत असते की साधी गाठ तिच्यावर सरकते. उष्णताही तिला सोसत नाही, म्हणून गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली केल्याशिवाय आवळू नये.

तिसरी फ्लुओरोकार्बन, जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेली. तिची घनता १.७८ असल्याने ती पाण्यात सरळ बुडते. तिचा अपवर्तनांक १.४२ आहे. पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३ च्या पुढे असल्यामुळे नितळ पाण्यात ती नायलॉनपेक्षा कमी दिसते. ती कडक असते आणि घासणीला चांगली टिकते. पूर्ण रीळ तिने भरण्यापेक्षा टोकाच्या लीडरसाठी, म्हणजे मुख्य दोरी आणि ल्यूर यांच्यामधल्या तुकड्यासाठी, तिचा उपयोग अधिक.

स्पूलवरचे आकडे वाचतानाही जपावे लागते. पौंड किंवा किलो म्हणजे किती ताणाला दोरी तुटते ते. जपानी पद्धतीचा पीई आकडा मात्र जाडीचा आहे, ताकदीचा नव्हे. पीई १ म्हणजे २०० डेनियर, म्हणजे ९००० मीटर दोरीचे वजन २०० ग्रॅम. पीई २ ची चांगली दोरी साधारण ३० ते ४० पौंडांची निघते, पण ते विणीवर आणि धाग्याच्या दर्जावर अवलंबून असते. विक्रमांची नोंद ठेवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था १९३९ मध्ये स्थापन झाली. ती दोरी भिजवून तपासते आणि नोंदवलेल्या वर्गापेक्षा जास्त ताणाला तुटली तर त्या वर्गातला विक्रम मान्य करत नाही. बहुतेक साध्या दोऱ्या मात्र छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त ताण घेतात. छंदासाठी ते फायद्याचेच आहे.

ट्रोलिंगमध्ये निवड ठरते पहिल्या झटक्यावर. होडी पाच-सहा नॉटने पुढे चाललेली असते, रॉड होल्डरमध्ये खोचलेला असतो, कोणाचा हात त्यावर नसतो आणि सुरमई बाजूने येऊन ल्यूर उचलून उलट दिशेला वळते. त्या क्षणी ड्रॅग (ठरावीक ताणाला दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) सुटण्याआधी काहीतरी लवचीक मध्ये असावे लागते. ४० मीटर नायलॉन पाच टक्के ताणले तरी दोन मीटर सैल मिळतो; तेवढ्यात रीळ फिरू लागते. ब्रेडेड दोरीत हा सैल नसतो. गळ मांस फाडून सुटतो किंवा गाठ जाते. म्हणून ट्रोलिंगसाठी नायलॉन हीच पहिली आणि बहुतेक वेळा योग्य निवड आहे. ज्यांना लहान रिळावर जास्त लांबी हवी असते त्यांनी आत ब्रेडेड आणि वर निदान तीस-चाळीस मीटर नायलॉन अशी जोडणी करावी, म्हणजे झटका नायलॉनवरच पडतो.

जाडीचा परिणाम खोलीवर होतो. पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दोरीला होणारा विरोध जाडीबरोबर वाढतो आणि तो विरोध बुडी मारणाऱ्या ल्यूरला वर उचलतो. तेच ल्यूर, तोच वेग, पण बारीक दोरी असली की ते जास्त खोल जाते. खडकाळ तळावरून जाताना बारीक दोरी लावली की ल्यूर अडकू लागते ते यामुळेच. अतिखोल नेण्यासाठी उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये आत शिशाची तार असलेली, वरून विणलेली दोरी वापरतात. तिचा रंग दर दहा यार्डांना बदलतो, म्हणजे किती सोडली ते नजरेने मोजता येते. साध्या नायलॉनवर ठरावीक अंतरावर रंगीत दोरा बांधून हे काम भागते.

हाताने दोरी ओढतात त्या लहान होड्यांवर हिशेब आणखी वेगळा. तिथे रॉड नाही, ड्रॅग नाही; दोरी तळव्यातून सुटते. बारीक ब्रेडेड दोरी बोट चिरून काढते, म्हणून जाड तंगूसच हवा. माशासाठी तेवढी जाडी लागत नसली तरी हातासाठी लागते.

ताकद ठरवताना ड्रॅगपासून मागे यावे. ड्रॅग दोरीच्या तुटणाऱ्या ताणाच्या चतुर्थांश ते तृतीयांश ठेवतात. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलोच्या दोरीला सव्वादोन ते तीन किलो. पण सुरमई पहिल्या धावेत शंभर मीटर दोरी घेऊन गेली की स्पूलवरचा वेढा लहान होतो, आणि वेढ्याचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट ओढ देतो. त्यात बाहेर गेलेल्या दोरीवरचा पाण्याचा ओढा मिळतो. नवखा माणूस अशा वेळी ड्रॅग आवळतो. तो सैल करायला हवा. म्हणून ट्रोलिंगच्या रिळावर भरपूर दोरी मावणे ही ताकदीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. सुरमईच्या दातांपुढे मात्र कोणतेही नायलॉन टिकत नाही. टोकाला फूट-दीड फूट बारीक एकेरी स्टीलची तार द्यावी; जाड तारेने ल्यूरची हालचाल मरते.

कास्टिंगमध्ये पारडे ब्रेडेड दोरीकडे झुकते. पंधरा-वीस ग्रॅमचे ल्यूर फेकताना जाड, वळण धरलेले नायलॉन रिंगांवर आपटत सुटते आणि अंतर खाते. बारीक, मऊ पीई १.५ किंवा २ सहज सुटते. शिवाय जिताडा ल्यूर तोंडात ओढतो तेव्हाची ‘टक्‌’ ब्रेडेड दोरीतून हातापर्यंत पोहोचते आणि तीस मीटरवरून त्याच्या टणक तोंडात गळ रुतवता येतो. किंमत अशी की जिताडा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो तेव्हा दोरीत सैल उरत नाही. तो रॉडच्या वाकण्यातून आणि मऊ ड्रॅगमधून मिळवावा लागतो.

ब्रेडेड दोरी थेट ल्यूरला बांधणे म्हणजे मासा घालवणे. ताणलेली बारीक दोरी कालवांच्या धारेवर आली की तुटते. तिवरांची मुळे तेच करतात आणि जिताड्याच्या कल्ल्यावरची झडप पात्यासारखी धारदार असते. म्हणून अर्धा ते एक मीटर ४० ते ६० पौंडांचा लीडर लागतो. पाण्यावरून खेळवायच्या पॉपरला नायलॉनचा घ्यावा, कारण फ्लुओरोकार्बन त्याचे नाक खाली ओढते. खोल चालणाऱ्या ल्यूरला फ्लुओरोकार्बन बरे. जोडायला एफजी गाठ सर्वोत्तम: ती सडपातळ असते आणि रिंगांत अडकत नाही. ती शिकायला वेळ लागतो, पण घाई करू नये, कारण अर्धवट बसलेली गाठ नेमक्या मोठ्या माशाला सुटते.

स्पिनिंग रिळावर ब्रेडेड दोरीचा गुंता होतो तो बहुधा फेकीनंतर सैल दोरी गुंडाळल्याने. वारा असताना तरंगणारी दोरी धनुष्यासारखी फुगते, तेव्हा बेल (रिळावरची तारेची कडी) हाताने बंद करून दोरी एकदा ताणून घ्यावी. बेटकास्टिंग रिळावर अतिबारीक दोरी ताणाखाली स्वतःच्याच वेढ्यांत रुतते, म्हणून तिथे पीई ३ च्या पुढची घ्यावी. शिकणाऱ्याने या रिळावर नायलॉनच वापरावे. गुंता सोडवता येतो. ब्रेडेड भरताना तळाशी नायलॉनचे काही वेढे द्यावेत, नाहीतर सगळी दोरी गुळगुळीत स्पूलभोवती फिरत राहते.

वापरानंतर टोकाची दोन-तीन मीटर दोरी बोटांमधून ओढून पाहावी. खरखर लागली की तेवढा भाग कापावा. खारे पाणी गोड्या पाण्याने धुवावे आणि रीळ उन्हात ठेवू नये. नियमित वापराचे नायलॉन हंगामाअखेरीस बदलावे. कापलेले तुकडे खडपावर किंवा पाण्यात पडू देऊ नयेत. पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात ते अडकतात. ब्रेडेड दोरी मात्र पुढून विरली तरी आतून चांगली असते. ती दुसऱ्या स्पूलवर उलटी भरली की न वापरलेले टोक वर येते आणि तीच दोरी पुढच्या हंगामातही चालते.